अली की टायसन? वेगवेगळ्या काळातल्या हेवीवेट विजेत्यांची लढत मनात कशी लावायची

बॉक्सिंग नव्याने बघायला लागलेला माणूस लवकरच हा प्रश्न विचारतो: महंमद अली आणि माइक टायसन समोरासमोर आले असते तर कोण जिंकलं असतं? बहुतेकदा उत्तर मिळतं ते आवडीनिवडीचं. अलीचे चाहते अली म्हणतात, टायसनचे टायसन, आणि वाद तिथेच थांबतो. मला मात्र हा प्रश्न फार मोलाचा वाटतो. तो नीट सोडवायला घेतला की बॉक्सिंग बघायची नजर तयार होते. जॅबचं (पुढच्या हाताच्या सरळ, झटपट ठोशाचं) काम काय, उंची कुठे उपयोगी पडते आणि कुठे अडचणीची ठरते, बॉक्सर एकमेकांना मिठी का मारतात, रेफरीमुळे निकाल कसा फिरतो, हे सगळं या एका प्रश्नातून शिकता येतं. खालची पद्धत अली-टायसन हीच जोडी धरून सांगतो. ती हाताशी आली की कुठल्याही दोघांना लावता येईल.

१. आधी तारीख ठरवा

अली म्हणजे कुठला अली? १४ नोव्हेंबर १९६६ ला ह्यूस्टनच्या ॲस्ट्रोडोममध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तिसऱ्या फेरीत संपवणारा चोवीस वर्षांचा अली वेगळा. ३० ऑक्टोबर १९७४ ला किन्शासात दोरांना टेकून जॉर्ज फोरमनचे ठोसे अंगावर घेणारा आणि आठव्या फेरीत त्याला आडवा करणारा अली वेगळा. २ ऑक्टोबर १९८० ला लॅरी होम्ससमोर उभा राहिलेला अली तर बघवत नाही. एप्रिल १९६७ मध्ये त्याने व्हिएतनाम युद्धाच्या काळात सैन्यभरती नाकारली, किताब गेला, परवाना गेला, आणि ऑक्टोबर १९७० पर्यंत तो लढू शकला नाही. पंचविशीपासून अठ्ठाविशीपर्यंतची, ऐन उमेदीची वर्षं अशी गेली. परत आला तेव्हा पाय मंदावले होते. मार पचवण्याची ताकद किती आहे, हे मात्र तेव्हाच जगाला कळलं.

टायसनचंही तसंच. २२ नोव्हेंबर १९८६ ला विसाव्या वर्षी ट्रेव्हर बर्बिकला हरवून तो सर्वांत तरुण हेवीवेट जगज्जेता झाला. २७ जून १९८८ ला अटलांटिक सिटीत त्याने मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवलं. त्याच वर्षाअखेर प्रशिक्षक केव्हिन रूनी दूर झाला आणि त्यानंतरच्या टायसनचं डोकं ठोसे चुकवताना आधीसारखं हलत नाही, हे चित्रफितीत उघड दिसतं. फेब्रुवारी १९९० मध्ये टोकियोत बस्टर डग्लसने त्याला पाडलं. २००२ मध्ये मेम्फिसला लेनॉक्स लुइससमोर आला तो तर नावापुरता टायसन होता.

म्हणून दोघांचीही एकेक रात्र पक्की करा. मी अलीची विल्यम्सबरोबरची रात्र घेतो आणि टायसनची स्पिंक्सबरोबरची. दोघंही आपापल्या शिखरावर, दोघंही अपराजित.

खरोखरच दोन पिढ्या समोरासमोर आल्या अशा लढती घडल्या आहेत. २६ ऑक्टोबर १९५१ ला रॉकी मार्सियानोने जो लुइसला आठव्या फेरीत हरवलं. लुइस तेव्हा ३७ वर्षांचा होता. ४ जुलै १९१० ला रेनोमध्ये जॅक जॉन्सनने जिम जेफ्रीजला हरवलं. जेफ्रीज कितीतरी वर्षांच्या निवृत्तीनंतर परतला होता. या लढतींचा इतिहासाच्या दृष्टीने मोठा अर्थ आहे. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र त्यांत नाही. वय माणसाचं काय करतं एवढंच त्या दाखवतात.

२. नियम कुठल्या काळाचे?

अलीच्या काळात जगज्जेतेपदाची लढत १५ फेऱ्यांची असे. नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा दुक-कू किम हा रे मॅन्सिनीबरोबरच्या लढतीनंतर मरण पावला, आणि त्यानंतर एकेका संघटनेने १५ च्या १२ फेऱ्या केल्या. टायसन १२ फेऱ्यांच्या जगात वाढला. या तीन फेऱ्यांनी किती फरक पडतो? १८ जून १९४१ ला बिली कॉन हा अंगाने खूपच हलका बॉक्सर बारा फेऱ्यांनंतर जो लुइसच्या पुढे होता. तेराव्या फेरीत लुइसने त्याला पाडलं. लढत बारा फेऱ्यांची असती तर कॉन जगज्जेता झाला असता.

जुन्या काळात मागे जाल तसे नियम आणखी बदलतात. १९२३ मध्ये लुइस फिर्पो पडला की जॅक डेम्पसी त्याच्या डोक्यावरच उभा राही आणि तो उठता उठता पुन्हा मारी. खाली पडलेल्यापासून दूर, तटस्थ कोपऱ्यात जायचा नियम १९२७ मध्ये शिकागोला जीन टनीबरोबरच्या लढतीत डेम्पसीच्याच अंगाशी आला. तो कोपऱ्यात जायला रेंगाळला, रेफरीने मोजणी उशिरा सुरू केली, आणि टनीला सावरायला वेळ मिळाला. डेम्पसीला आजच्या रिंगमध्ये उभा करायचा असेल तर त्याचं हे हत्यार काढून घेऊनच करा.

आमच्या जोडीसाठी सर्वांत महत्त्वाचा नियम क्लिंचचा, म्हणजे समोरच्याला मिठी मारून धरण्याचा आहे. धरणाऱ्याला रेफरी किती वेळ धरू देणार? हा मुद्दा पुढे पुन्हा येईल. मी १२ फेऱ्या आणि मध्यम कडक रेफरी धरतो.

३. मापं

अलीची उंची ६ फूट ३ इंच आणि हातांचा पल्ला सुमारे ७८ इंच. टायसन ५ फूट १० इंचांच्या आसपास, पल्ला ७१ इंच. वजनं मात्र जवळजवळ सारखी: विल्यम्सविरुद्ध अली साडेशहाण्णव किलो, स्पिंक्सविरुद्ध टायसन ९९. नवख्यांना हे बघून धक्का बसतो, कारण टायसन डोळ्यांना फार अवजड वाटतो.

वेगवेगळ्या काळांची जोडी लावताना वजनाचा प्रश्न खरा आहे. मार्सियानो ८५ किलोंच्या आसपास लढायचा, डेम्पसीही तेवढ्याचाच. आजच्या हिशेबात दोघं क्रूझरवेट झाले असते, कारण त्या गटाची मर्यादा २०० पौंड, म्हणजे ९० किलोंच्या थोडी वर आहे. पण लगेच ‘मोठा जिंकतो’ असं मानू नका. ४ जुलै १९१९ ला डेम्पसीने त्याच्यापेक्षा २५ किलोंहून जड असलेल्या जेस विलार्डला पहिल्या फेरीत सात वेळा पाडलं. मे २०२४ मध्ये रियाधला ओलेक्सांद्र उसिकने सहा फूट नऊ इंची टायसन फ्यूरीला हरवलं, आणि डिसेंबरमध्ये पुन्हा हरवलं.

इथे एक निर्णय घ्यावा लागतो. जुना बॉक्सर होता तसाच उचलून आणायचा, की ‘आज जन्मला असता तर’ असा धरायचा? आजचा आहार, आजचे वजनांचे व्यायाम दिले तर मार्सियानो कसा झाला असता ते कुणालाच सांगता येणार नाही. मी नेहमी चित्रफितीत दिसतो तोच माणूस घेतो. दोन्ही गोष्टी सोयीप्रमाणे मिसळल्या की हवं ते उत्तर काढता येतं.

४. आकड्यांवर किती विसंबायचं

स्पिंक्सनंतर टायसनची कारकीर्द ३५ विजय, त्यांतले ३१ नॉकआउट, पराभव शून्य. आकडा दणदणीत आहे. पण उपयोग कुठल्या आकड्याचा? उरलेल्या चारांचा. जेम्स टिलिस, मिच ग्रीन, जेम्स स्मिथ आणि टोनी टकर हे चौघं शेवटपर्यंत उभे राहिले. ते कसे उभे राहिले हा तुमच्या अभ्यासाचा विषय.

दुसरा सापळा साखळीचा: ‘अ’ने ‘ब’ला हरवलं, ‘ब’ने ‘क’ला, म्हणून ‘अ’ हा ‘क’पेक्षा भारी. जो फ्रेझरने १९७१ मध्ये अलीला हरवलं. जानेवारी १९७३ मध्ये किंग्स्टनला फोरमनने फ्रेझरला दोन फेऱ्यांत सहा वेळा पाडलं. आणि १९७४ मध्ये अलीने फोरमनला पाडलं. केन नॉर्टनने अलीचा जबडा मोडला, आणि त्याच नॉर्टनला फोरमनने दुसऱ्या फेरीत संपवलं. साखळी गोल फिरते, कारण बॉक्सिंगमध्ये शैली शैलीला भिडते. बर्बिकचंच बघा: अलीची शेवटची लढत डिसेंबर १९८१ मध्ये बहामात झाली आणि ती त्याने बर्बिककडून गमावली. पाच वर्षांनी टायसनने बर्बिकला उडवलं. यावरून टायसन अलीला हरवेल असं कुणी म्हणू लागलं तर त्याला पहिली पायरी पुन्हा वाचायला सांगा.

मग हे गणित संगणकावर सोपवावं का? तो प्रयोग होऊन गेला आहे. १९६७ मध्ये मायामीच्या मरी वोरोनरने जुन्या-नव्या विजेत्यांची माहिती संगणकात भरून रेडिओवर स्पर्धा घेतली. त्यात अली जेफ्रीजकडून हरला आणि विजेता ठरला मार्सियानो. अलीने बदनामीचा दावा लावला. तडजोड म्हणून अली आणि निवृत्त मार्सियानो यांच्यात खोटी लढत चित्रित झाली. मार्सियानोने त्यासाठी वजन उतरवलं, डोक्यावर केसांचा टोप चढवला, आणि वेगवेगळे शेवट चित्रित करून ठेवले गेले. ऑगस्ट १९६९ मध्ये विमान अपघातात मार्सियानो गेला. जानेवारी १९७० मध्ये ही लढत चित्रपटगृहांत दाखवली तेव्हा अमेरिकेत मार्सियानोने तेराव्या फेरीत अलीला पाडलं. ब्रिटनमध्ये दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला.

५. चित्रफिती बघा, आणि नीट बघा

खरं काम इथे आहे. यासाठी वेळ राखून ठेवा.

ही वाट कुठवर नेते याचा सर्वांत मोठा दाखला मॅक्स श्मेलिंगचा. १९३६ मध्ये जो लुइस अजिंक्य मानला जात होता. श्मेलिंगने त्याच्या लढतींच्या फिल्म बघितल्या आणि एक गोष्ट हेरली: जॅब मारल्यावर लुइसचा डावा हात खाली येतो, आणि त्या क्षणी डावा गाल उघडा पडतो. १९ जूनच्या रात्री तो पुन:पुन्हा त्याच उघड्या जागी उजवा हात घालत राहिला आणि बाराव्या फेरीत लुइस पडला. लुइसने ती खोड सुधारली. २२ जून १९३८ ला यांकी स्टेडियममध्ये त्याने श्मेलिंगला १२४ सेकंदांत संपवलं. लुइसला कल्पनेतल्या लढतीत उतरवायचा असेल तर १९३८ नंतरचाच घ्या.

बघायची रीत अशी. आवाज बंद करा. समालोचक तुमचं मत बनवून टाकतो. एक फेरी फक्त पाय बघा, तीच फेरी पुन्हा लावून फक्त डोकं बघा, तिसऱ्यांदा फक्त हरणाऱ्याकडे बघा. जुन्या मूकपटांचा वेग बऱ्याचदा चुकीचा असतो, त्यामुळे डेम्पसी आणि जॉन्सन धावपळ करणाऱ्या बाहुल्यांसारखे दिसतात. वेग कमी करता येत असेल तर करा. मगच त्यांच्या हातांबद्दल बोला.

अलीसाठी विल्यम्सची लढत सगळे सुचवतात, आणि ती बघाच. त्या रात्रीचे अलीचे पाय हेवीवेटमध्ये पुन्हा दिसलेले नाहीत. पण विल्यम्सला १९६४ मध्ये पोलिसाची गोळी लागली होती, त्यात त्याचं एक मूत्रपिंड गेलं होतं. तो पूर्वीचा विल्यम्स उरला नव्हता. म्हणून अलीची ताकद या लढतीत बघा, आणि उणीव शोधायला जून १९६३ मधल्या वेम्बलीच्या लढतीकडे जा. चौथी फेरी संपत आलेली असते. अली, तेव्हाचा कॅशियस क्ले, हात कमरेशी ठेवून सरळ मागे जात जात दोरांपाशी येतो. हेन्री कूपर जॅबच्या आडून पुढे सरकतो आणि त्याचा डावा हुक (हात वाकवून बाजूने मारलेला ठोसा) जबड्यावर बसतो. अली दोरांमधून घसरत खाली बसतो, उठतो तेव्हा डोळे भलतीकडेच असतात, आणि घंटा वाजते. हे दृश्य चार-पाच वेळा थांबवून बघा. तीन गोष्टी दिसतील: हात खाली, डोकं सरळ मागे, पाठीशी दोर. आठ वर्षांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये फ्रेझरने पंधराव्या फेरीत त्याला पाडलं तेही डाव्या हुकनेच. अली बहुधा स्वतःच्या डावीकडे फिरतो. त्यामुळे समोरच्याच्या डाव्या हुकपासून तो दूर जातो, पण सरळ मागे गेला की त्याच हुकच्या वाटेत येतो.

टायसनचं उलट करा. स्पिंक्सच्या लढतीतून फारसं शिकायला मिळत नाही. तो माणूस आत आला तोच हरलेला होता. टिलिस आणि टकर यांच्या लढती बघा. टायसनचा गुरू कस डी’अमाटो याने शिकवलेली पद्धत, दोन्ही हात गालांशी, डोकं सतत डावी-उजवीकडे, तिथे नीट कळते. टायसन नुसता जॅब चुकवून थांबत नाही. चुकवता चुकवता बाहेरच्या बाजूला पाऊल टाकतो आणि तिथूनच उजवा हुक बरगडीत व लगेच त्याच हाताचा अपरकट (खालून वर मारलेला ठोसा) हनुवटीखाली येतो. या जोडीइतकं देखणं काम या वजनात मी दुसरं बघितलेलं नाही. पण टिलिससारखा फिरता माणूस समोर असला की सलग ठोशांऐवजी एकेक ठोसा येऊ लागतो. टकरने पहिल्याच फेरीत अपरकटने टायसनला हादरवलं. आणि स्मिथने नुसतं धरून ठेवून बारा फेऱ्या काढल्या. लढत कंटाळवाणी झाली, पण टायसनला जवळून, धरलेल्या अवस्थेत काम करता येत नाही हे त्यातून कळलं.

६. प्रत्येकाला हा प्रश्न आधी कुणी विचारला होता?

चित्रफितींनंतर दोन याद्या करा. टायसनसारखं अलीशी कोण लढलं? अलीसारखं टायसनशी कोण लढलं?

अलीच्या यादीत पहिला फ्लॉइड पॅटर्सन. तोही डी’अमाटोच्याच तालमीतला, तसाच गालांशी हात धरणारा. नोव्हेंबर १९६५ मध्ये अलीने जॅबच्या जोरावर त्याला बाराव्या फेरीपर्यंत अक्षरशः सतावलं. पण पॅटर्सनची पाठ दुखावलेली होती आणि त्याच्या अंगात टायसनची ताकद नव्हती, तेव्हा याला निम्मंच वजन द्या. दुसरा जॉर्ज शुव्हालो: छातीवर येणारा, पोटात मारणारा. १९६६ मध्ये टोरंटोला तो १५ फेऱ्या उभा राहिला, पण फेऱ्या अलीने घेतल्या. तिसरा आणि सर्वांत जवळचा फ्रेझर. फरक हा की फ्रेझर उशिरा तापतो आणि मुख्यतः डाव्यावर जगतो. टायसन पहिल्या घंटेपासून दोन्ही हातांनी जिवावर उठतो.

टायसनच्या यादीत होम्स येतो. जानेवारी १९८८ मध्ये ३८ वर्षांचा, जवळपास दोन वर्षं न लढलेला होम्स चौथ्या फेरीत पाय हलवत जॅब मारू लागला आणि क्षणभर टायसन गोंधळला. मग त्याच फेरीत होम्स तीन वेळा पडला. डग्लसने लांब जॅब, मागोमाग उजवा, आणि जवळ आला की धरणं, एवढंच दहा फेऱ्या केलं. तो टायसन १९८८ चा नव्हता हे विसरू नका, पण उत्तराचा आराखडा त्यात आहे.

७. आता लढत लिहून काढा

मनातल्या मनात नको, कागदावर. तीन-तीन फेऱ्यांचे गट पाडा आणि प्रत्येक गटात कोण काय करू बघतो आणि समोरचा ते का रोखू शकतो किंवा शकत नाही, ते लिहा. माझा कागद असा आहे.

पहिल्या तीन फेऱ्या टायसनच्या सर्वांत मोठ्या संधीच्या. अलीने यापूर्वी इतक्या वेगाने अंतर कापणारा माणूस बघितलेला नाही, आणि तो सरळ मागे जाणारच. मी टायसनला यांतल्या दोन फेऱ्या देतो आणि एक नॉकडाउनही, डाव्या हुकने. अली उठतो. कूपर आणि फ्रेझर दोघांच्याही वेळी तो लगेच उठला होता.

चौथ्यापासून सहाव्यापर्यंत लढतीचा कणा. अली मानेमागे हात टाकून टायसनचं डोकं खाली दाबतो, ही त्याची जुनी सवय. रेफरीने हे चालू दिलं तर टायसनच्या हल्ल्याची लय तुटते. ताकीद देऊन गुण कापले तर अलीला मोकळ्यात उभं राहावं लागेल आणि मग कठीण आहे. माझा मध्यम कडक रेफरी दोनदा ताकीद देतो, गुण कापत नाही.

सातवीनंतर टायसनचे ठोसे एकेकटे यायला लागतात. अलीचे पाय १९६६ चे आहेत, त्यामुळे ते पंधरा फेऱ्याही टिकतात. जॅब, जॅब, उजवा, बाजूला. टायसनचा डोळा सुजतो. अली पोटात मारत नाही, हा त्याचा दोष इथे टायसनला उभं ठेवतो. बारा फेऱ्यांनंतर अली गुणांवर, साधारण सात-पाच फेऱ्यांनी. पंधरा फेऱ्या असत्या तर तेराव्याच्या सुमारास रेफरीने थांबवली असती असं मला वाटतं. हीच लढत दहा वेळा लावली तर अली सात वेळा जिंकेल, आणि टायसनचे तिन्ही विजय पहिल्या चार फेऱ्यांत येतील. कडक रेफरी दिला तर सहा-चार.

तुमचा कागद उलटा निघाला तर बिघडलं नाही. फक्त निकाल कुठल्या गोष्टीवर टेकला आहे ते एका ओळीत लिहा. माझा क्लिंचवर टेकला आहे. ज्याला ती ओळ लिहिता येत नाही त्याने पाचव्या पायरीवर पुन्हा जावं.

सरावासाठी पुढची जोडी

१९३९ ते १९४१ मधला जो लुइस आणि ९ जून १९७८ ला नॉर्टनला १५ फेऱ्यांत हरवणारा लॅरी होम्स घ्या. दोघांचाही जॅब त्यांच्या काळातला सर्वोत्तम, त्यामुळे आधी ठरवावं लागतं की जॅबची लढाई कोण जिंकणार, आणि होम्सचा पल्ला मोठा आहे. लुइससाठी कॉनची लढत बघा, म्हणजे पाय हलवणारा माणूस त्याला किती वेळ दमवू शकतो ते कळेल. होम्ससाठी सप्टेंबर १९७९ मधली अर्नी शेव्हर्सची बघा: सातव्या फेरीत उजव्या हाताने होम्स आडवा होतो, तरी उठून अकराव्या फेरीत जिंकतो. लुइसचा उजवा शेव्हर्सच्या उजव्यापेक्षा सरळ आणि नेमका होता, आणि एकदा माणूस डगमगला की लुइस त्याला सोडत नसे. होम्सला उठल्यावर सावरायला शेव्हर्सने दिला तेवढा वेळ लुइस देईल का, इथून लिहायला सुरुवात करा.